पीएचक्यू-९ : नैराश्याच्या चाचपणीचा कागद मुलग्यांच्या बाबतीत कुठे हुकतो

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एखाद्या क्लासला किंवा होस्टेलला मुलामुलींच्या मनाची चाचपणी करायची असेल, तर पीएचक्यू-९ घ्यायला हरकत नाही. फुकट आहे, मराठीत मिळतो, पाच मिनिटांत भरून होतो. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. विचारायचं ते गेल्या दोन आठवड्यांचंच. बेरीज १० किंवा वर गेली की तज्ज्ञाकडे पाठवायचं. आजाराचं निदान हा कागद करत नाही.

खरी गोची मुलग्यांची. वयात आल्यावर नैराश्य मुलींमध्ये जवळपास दुप्पट दिसतं, पण एनसीआरबीच्या (देशभरच्या गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची आकडेवारी ठेवणारा केंद्राचा विभाग) नोंदीत २०२१ साली १,६४,०३३ आत्महत्यांपैकी १,१८,९७९ पुरुषांच्या होत्या. ‘उदास वाटतं’पुढे मुलगा शून्य लिहितो आणि घरी दार आपटतो, गाडी भरधाव हाणतो, दारूकडे वळतो. चिडचिडीचा प्रश्नच या कागदात नाही. ११ ते १७ वयासाठी पीएचक्यू-ए ही याच कागदाची किशोरवयीन आवृत्ती वापरा, त्यात उदासीच्या प्रश्नातच चिडचिड घातलेली आहे. अठरा-एकोणीसच्या पोराला मात्र राग आणि व्यसन तोंडीच विचारावं लागतं.

मुलींकडे उलटा घोळ. थकवा, झोप, भूक, लक्ष न लागणं या चार प्रश्नांचेच १२ गुण होतात, आणि रक्त कमी असलं तरी यातले बरेच चढतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून घ्या. पाळीची तारीख कोपऱ्यात लिहून ठेवा. त्रास पाळीआधीच्या आठवड्यात वाढून पाळी सुरू झाल्यावर ओसरत असेल, तर दोन महिने रोजची नोंद ठेवायला सांगा. (‘हॉर्मोन्स असतील’ म्हणून कागद बाजूला सारणं हा त्याहून वाईट प्रकार.)

लिंगाचा रकाना नऊ प्रश्नांत नाही, तो संस्था वर जोडतात. तिथे दोनच चौकोन छापू नका. मोकळी रेघ ठेवा, रिकामी सोडायची मुभा द्या.

बाकावर खांद्याला खांदा लावून भरून घेतला तर बेरीज खोटीच येणार. आणि नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्य सोडून काहीही आलं, तर बेरीज न बघता त्याच दिवशी एकांतात बोला. पुढे त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, रात्री-अपरात्री टेलीमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. शुक्रवारी भरून घेऊन सोमवारी तपासणार असाल, तर भरूनच घेऊ नका.