वारसाहक्काचा फ्लॅट विकल्यानंतरचे विवरणपत्र: पुण्यातील एका सीए कार्यालयाच्या सेवेचा अनुभव

वडिलांनी 2005-06 मध्ये 12 लाखांना घेतलेला आणि त्यांच्या पश्चात 2019-20 मध्ये आम्हा दोघा भावांच्या नावावर आलेला फ्लॅट आम्ही डिसेंबर 2024 मध्ये 72 लाखांना विकला. विवरणपत्र भरण्यासाठी मी प्रथम एका ऑनलाइन सेवेची मदत घेतली होती. तिने आकडेमोड चुकवल्यामुळे घराजवळच्या एका लहान सीए कार्यालयात गेलो, आणि हे परीक्षण त्या कार्यालयाच्या कामाविषयी आहे.

चूक समजून घेण्यासारखी आहे. 23 जुलै 2024 पासून जमीन व इमारतीच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावर निर्देशांकाचा (म्हणजे महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरण्याचा) लाभ न देता 12.5 टक्के कर आहे. मात्र त्या तारखेपूर्वी घेतलेल्या मालमत्तेसाठी निवासी व्यक्तीला निर्देशांक धरून 20 टक्क्यांचा हिशेब कमी येत असेल, तर तेवढाच कर भरावा लागतो. ऑनलाइन सेवेने खरेदीचे वर्ष म्हणून 2019-20 धरले. त्यामुळे निर्देशांकाचा फायदा नगण्य झाला आणि माझ्या अर्ध्या हिश्श्यावर, म्हणजे 30 लाखांच्या नफ्यावर, 3 लाख 75 हजारांचा कर दिसू लागला. सीएंनी खरेदीखत हातात घेताच पहिला प्रश्न विचारला, "वडिलांनी कधी घेतला?" वारशाने आलेल्या घराची किंमत मूळ मालकाचीच धरतात आणि निर्देशांकही त्याच्या ताब्याच्या वर्षापासून मोजता येतो; बक्षिसाने मिळालेल्या मालमत्तेबाबत मुंबई उच्च न्यायालयाचा 2011 चा निकाल याच मताचा आहे. 2005-06 चा निर्देशांक 117 आणि 2024-25 चा 363. त्यामुळे माझ्या वाट्याची 6 लाखांची किंमत सुमारे 18 लाख 62 हजार झाली आणि उपकर वगळता कर 3 लाख 48 हजारांच्या आत आला. एका वर्षाच्या नोंदीने 27 हजारांहून अधिक रुपयांचा फरक पडला.

त्यांची दुसरी तपासणी मला तितकीच मोलाची वाटते. खरेदीदार पती-पत्नी आणि विकणारे आम्ही दोघे, म्हणजे खरेदीदाराने किमतीतून कापून भरायच्या 1 टक्का करासाठी (टीडीएस) 26 क्यूबी या नमुन्यातले चार अर्ज हवे होते. प्रत्यक्षात सगळा टीडीएस माझ्याच पॅनवर जमा झाला होता. भावाचे 26 एएस, म्हणजे त्याच्या नावावर जमा झालेल्या कराचा तपशील, उघडून पाहिल्याशिवाय हे कळले नसते. कार्यालयाने खरेदीदाराशी बोलून दुरुस्ती करून घेतली आणि त्यानंतरच विवरणपत्रे दाखल केली. मुद्रांकासाठीचे सरकारी मूल्य साडेपंचाहत्तर लाख होते, पण ते विक्रीच्या किमतीच्या 110 टक्क्यांच्या आत असल्याने आमचीच किंमत ग्राह्य धरली गेली.

उणीव एकच, पण ती गंभीर आहे. भावाला नफ्यातून नवे घर घेऊन कर वाचवायचा होता. तोवर न वापरलेली रक्कम विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी भांडवली नफा खात्यात ठेवावी लागते, हे मे महिन्यात आम्ही प्रथम गेलो तेव्हाच सांगायला हवे होते. ते जुलैच्या अखेरीस, आम्ही विचारल्यावर सांगितले गेले. त्या वर्षी मुदत वाढून 16 सप्टेंबरपर्यंत गेली म्हणून खाते वेळेत उघडता आले. शिवाय हिशेबाचा लेखी तक्ता मागितल्याशिवाय मिळाला नाही. एवढ्या मोठ्या रकमेच्या कामात तो आपणहून द्यायला हवा.

दोघांचे मिळून 14,000 रुपये अधिक जीएसटी घेतले, आणि मला ते रास्त वाटतात. आगाऊ कराचा मार्चचा हप्ता हुकल्यामुळे मला व्याज भरावे लागले, तेव्हा असे घर विकणाऱ्याने करारनामा नोंदवण्यापूर्वीच अशा कार्यालयात जावे. परदेशी राहणाऱ्या विक्रेत्याची गोष्ट वेगळी आहे: त्याला 20 टक्क्यांचा पर्याय नाही आणि 1 टक्क्याचा नियमही लागू होत नाही. त्या कामाचा या कार्यालयाला किती सराव आहे, हे मी पाहिलेले नाही. वारशाच्या घरासाठी मात्र मी पुन्हा त्यांच्याकडेच जाईन.