कैलास लेणं बघायला सकाळची वेळ बरी का दुपारनंतरची?

वेरूळला जायचं ठरलं की आमच्या जालन्याकडं घरात पहिला वाद हाच, अंधारात निघायचं का जेवून निघायचं. मंगळवारी बंद असतं, लेणी ३४ आहेत, १६ नंबर म्हणजे कैलास, हे सगळ्यांना माहीतच आहे, ते परत सांगत नाही. मी आईवडलांना घेऊन गेलोय, पोरांना घेऊन गेलोय, एकटाही गेलोय आणि दोन्ही वेळा धरून बघितल्यात. आता माझं जवळपास ठरलंय, पण तुमच्याबरोबर कोण आहे आणि महिना कोणता आहे त्यावर गणित बदलू शकतं, म्हणून दोन्हीचं सांगतो.

सकाळचं आधी. लेणी दिवस उगवल्यावर उघडतात आणि त्या पहिल्या तासाला खरंच तोड नाही. सगळा डोंगर पश्चिमेकडं तोंड करून आहे त्यामुळं सूर्य मागून येतो, बऱ्याच उशिरापर्यंत लेण्यांसमोर सावली असते, दगड गार, म्हातारी माणसं आरामात चालतात. एप्रिल-मे असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, सकाळीच जा, मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता त्या फरशीवर फिरणं म्हणजे शिक्षा आहे. आणि सकाळचा अजून एक फायदा जो फार लोक घेत नाहीत, कैलासच्या बाजूनं कड्यावर पायवाट जाते, तिथून वर गेलं की सूर्य आपल्या पाठीशी आणि खाली मंडपाच्या छतावरचं ते मोठं कमळ आणि त्याच्याभोवतीचे चार सिंह चांगल्या उजेडात दिसतात. खालून हे सिंह दिसतच नाहीत. पावसाळ्यात मात्र तिथं लेकरांचा हात सोडू नका, निसरडं असतं आणि कड्याच्या टोकाला जाऊन सेल्फी तर अजिबात नको.

पण हा पहिला तास मिळतो कोणाला? जो वेरूळ-खुलताबादला मुक्कामी आहे त्याला, फार तर संभाजीनगरला राहून पाच-साडेपाचला निघणाऱ्याला. आम्ही जालन्याहून निघणार म्हणजे ९० किलोमीटर धरा, बीड-परभणीवाल्यांचं तर विचारूच नका. चार वाजता उठायचं ठरवलेलं असतं, पण पोरांच्या आंघोळी, आईचा देवपूजेचा हट्ट, मग वाटेत चहा, मग जुन्या रस्त्यानं गेलात तर दौलताबादला किल्ल्याच्या तटाचा दरवाजा, त्यातून गाड्या एकेक करून निघतात, सुट्टीच्या दिवशी तिथंच अर्धा तास जातो. हे सगळं करून गेटावर पोचायला दहा वाजतात. आणि दहा ही माझ्या मते दिवसातली सगळ्यात वाईट वेळ.

कामून, तर सहली. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या बस रांगेनं उभ्या असतात, शिर्डी करून आलेल्या ट्रॅव्हल्स वेगळ्या. पोरांनी लेणी बघावीत, बघायलाच पाहिजेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, मीही शाळेच्या सहलीतच पहिल्यांदा कैलास बघितलं. पण गेटातून आत गेलं की समोरच १६ नंबर, त्यामुळं प्रत्येक बस पहिल्यांदा तिथंच रिकामी होते. आणि ही जागा कशी आहे ते लक्षात घ्या. राष्ट्रकूटांच्या पहिल्या कृष्णराजाच्या काळात, आठव्या शतकात, हा डोंगर वरून खाली कोरत आणला, म्हणजे आपण ज्याला अंगण म्हणतो तो खरं तर ८२ मीटर लांब आणि ४६ मीटर रुंद एक खड्डा आहे, मागचा कडा तीसेक मीटर उंच, तीन बाजूंना सरळ कातळ आणि चौथ्या बाजूला गोपुर. आवाजाला बाहेर पडायला वाटच नाही. एका सरांनी शिट्टी मारली की ती चार वेळा ऐकू येते, वर मंडपात गेलेली पोरं ओरडून बघतात कारण घुमतं, खालची त्यांना ओरडून उत्तर देतात, गाईड आपला आवाज चढवतो, दुसरा गाईड त्याच्यावर चढवतो. मंदिराच्या दक्षिण बाजूला रावण कैलास हलवतोय ते शिल्प आहे, वर पार्वती दचकून शंकराला बिलगलेली, दासी पळत सुटलेली आणि शंकर मात्र शांत, नुसता पाय दाबून बसलेला. त्या एका शांतपणासाठीच ते शिल्प बघायचं असतं आणि तिथं मला दोन मिनिटंही उभं राहता आलं नाही, वडलांना तर ऐकायचं यंत्र काढून खिशात ठेवावं लागलं. बाकी सगळं मी चालवून घेतलं असतं, ऊन, चालणं, गर्दीसुद्धा, पण या गोंगाटानं माझं सकाळवरचं मन उडालं.

आता दुपारचं. आम्ही हल्ली नऊ-दहाला निवांत निघतो असं नाही, निघतो जरा लवकरच पण आधी घृष्णेश्वराला जातो, लेण्यांपासून दीडेक किलोमीटर. सोमवार आणि श्रावण सोडला तर त्या वेळी रांग सोसवण्यासारखी असते. पुरुषांना गाभाऱ्यात जायला शर्ट-बनियन काढावं लागतं हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. अहिल्याबाईंनी बांधवून घेतलेलं हे मंदिर नीट बघायचं, मालोजीराजांची गढी जवळच आहे तिथं डोकवायचं, मग झाडाखाली दशम्या सोडायच्या, आणि दीड-दोनच्या सुमाराला लेण्यांत शिरायचं.

शिरल्यावर कैलासकडं वळायचं नाही. कठीण जातं, समोरच असतं, पोरं ओढतात, तरी नाही. आतली बस पकडून सरळ जैन लेण्यांकडं जायचं, ३२ नंबरची इंद्रसभा, तिचा वरचा मजला सोडू नका. परत येताना २९ नंबर. तिथून कैलासला तीन-साडेतीनला या. तोवर सहलीच्या बस पुढच्या ठिकाणाला निघालेल्या असतात, निदान मी गेलो तेव्हा तरी असंच दिसलं, आणि सूर्य आता समोर आलेला असतो. सकाळी गोपुरातून आत आलं की शिखराकडं बघताना डोळे दिपतात, फोटोत मंदिर काळं येतं. दुपारनंतर तेच शिखर उजळलेलं, भिंतींवरच्या छिन्नीच्या खुणा तिरप्या उन्हात मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट, कुठं कुठं राहिलेला जुना पांढरा गिलावासुद्धा दिसतो. रावणाच्या शिल्पावर थेट ऊन म्हणाल तर नसतं, कडा आड येतो, पण समोरच्या कातळावरून उजेड येतो त्यात मला तरी त्याचे हात एकेक सुटे दिसले. सकाळी ते सगळं सपाट वाटलं होतं.

यातही अडचणी आहेत, नाहीत असं नाही. थंडीत दिवस सहाच्या आत बुडतो आणि अंगणात तर त्याआधीच सावली भरते, शेवटी ऊन फक्त शिखरावर राहतं, खालच्या हत्तींच्या थरावर काही राहत नाही. म्हणून साडेतीनच्या पुढं ढकलू नका. सगळी ३४ लेणी काही होत नाहीत, ज्यांना एकही सोडायचं नाही त्यांनी सकाळीच यावं किंवा दोन दिवस काढावेत. बौद्ध लेण्यांतली आमची बहुतेक राहतातच, फक्त १० नंबर, विश्वकर्मा, मुद्दाम शेवटी ठेवतो कारण त्याच्या दर्शनी खिडकीतून ऊन आत येतं ते दुपारनंतरच. मार्चमध्ये तर काही दिवस ते थेट बुद्धाच्या मूर्तीवर पडतं, त्या दिवसांत जमलं तर कैलास थोडं लवकर उरका आणि चारच्या सुमाराला इथं येऊन बसा.

पावसाळ्यात दोन्ही वेळा सारख्याच, ढग असले की उजेडाचा प्रश्नच मिटतो, उलट २९ नंबरजवळचा धबधबा चालू असतो त्यामुळं ज्या वेळेला उघाड मिळेल ती वेळ आपली. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर मी अजूनही सकाळ म्हणेन, पण मग आदल्या रात्री खुलताबादला मुक्काम करून. तो खर्च परवडत असेल आणि उजाडता गेटावर उभं राहायची तयारी असेल तर सकाळला मी नाव ठेवणार नाही. जालना, बीड, परभणीहून त्याच दिवशी येऊन-जाऊन करणाऱ्यांनी मात्र दुपारचा विचार करावा असं मला वाटतं, आणि दिवाळीच्या सुट्टीऐवजी मधला एखादा बुधवार-गुरुवार धरता आला तर अजून चांगलं.