दोन घरचा पाहुणा: पोलिटिकल इकॉनॉमी आणि पर्यावरण पीएचडी, ३.५ स्टार

प्रोग्रामचं नाव नाही सांगत, अजून सह्या बाकी आहेत माझ्या. तिसरं वर्ष चालू आहे.

माहितीपत्रकात अर्थशास्त्र आणि भूगोल हे दोन विभाग हातात हात घालून उभे असतात. प्रत्यक्षात कोर्सवर्क दोन्हीकडचं करायचं, म्हणजे सकाळी मायक्रोइकॉनॉमिक्सचे प्रॉब्लेम सेट आणि रात्री फील्डवर्क मेथड्सचं ढीगभर वाचन, आणि बसायला टेबल मात्र कुठेच नाही कारण प्रत्येक विभागाला वाटतं तुम्ही पलीकडचे.

तरी साडेतीन का दिले? सेमिनारमुळे. एकदा डिस्काउंट रेटचा विषय निघाला, म्हणजे भविष्यातल्या नुकसानाची आजची किंमत काढताना वर्षाला किती टक्के कमी धरायचे. हवामान बदलाच्या अर्थकारणावरच्या ब्रिटिश सरकारच्या स्टर्न अहवालाने २००६ मध्ये नुसत्या काळासाठीची (म्हणजे नुकसान फक्त नंतर होणार म्हणून) सूट वर्षाला ०.१ टक्का धरली, अमेरिकन अर्थतज्ज्ञ नॉर्डहाउसने १.५. वाटतो किरकोळ फरक, पण तेवढ्याने शंभर वर्षांनंतरच्या १०० च्या नुकसानाचे आज एकीकडे ९० उरतात आणि दुसरीकडे २३! अर्थशास्त्राचे सर म्हणाले, लोक बाजारात कसे वागतात ते बघून दर ठरवा. भूगोलाच्या मॅडम म्हणाल्या, जे जन्मलेच नाहीत ते बाजारात येणार कसे? दोन तास जुंपली होती, घड्याळ कोणी बघितलं नाही. एकाच विभागात असते तर हे ऐकायला मिळालं नसतं.

पण हेच दोघं माझ्या प्रबंधाच्या कमिटीवर आहेत. पाण्याच्या वाटपावरच्या चॅप्टरच्या एकाच पानावर सरांनी लिहिलं ‘आयडेंटिफिकेशन कुठंय?’ (म्हणजे कशामुळे काय झालं हे आकड्यांनी सिद्ध कसं करणार) आणि मॅडमनी ‘आकडे कमी, माणसं जास्त’. सहा महिने गेले त्यात.

ओरिएंटेशनला एलिनॉर ऑस्ट्रमची गोष्ट हमखास सांगतात, गणित कमी म्हणून अर्थशास्त्राच्या पीएचडीचं दार बंद झालं, राज्यशास्त्र केलं, आणि २००९ ला नोबेल अर्थशास्त्राचंच. पण त्या बाईंनी १९७३ मध्ये नवऱ्यासोबत इंडियाना विद्यापीठात स्वतःचं वर्कशॉप, म्हणजे संशोधन केंद्रच, उभारलं, म्हणजे आधी जागा केली, हे कोणी सांगत नाही.

अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी कोऑर्डिनेटरला नाही, चौथ्या-पाचव्या वर्षाच्या मुलांना गाठा. स्टायपेंड कुठल्या विभागाच्या खात्यातून येतो, गाईड सोडून गेला तर वाली कोण, डिग्रीवर नाव काय छापतात (अर्थशास्त्र विभागात नोकरी हवी असेल तर हे फारच महत्त्वाचं), शेवटचे पाच जण कुठे लागले. पाचांची नावं पटकन सांगता आली नाहीत तर समजून जा.

मी यातलं फक्त स्टायपेंडचं विचारलं होतं. टेबलाचा अर्ज दोन्ही ऑफिसात दिलाय, सध्या लायब्ररीत खिडकीजवळ बसते.