हज्जान होण्याचे शिक्षण : दोन वर्षांच्या दूरस्थ अभ्यासक्रमाचे परीक्षण

यहुदी प्रार्थनासभेत जो गाऊन प्रार्थना चालवतो त्याला हिब्रूमध्ये हज्जान म्हणतात; पाश्चात्त्य देशांत कॅन्टर हा शब्द रूढ आहे. आमच्या लहानशा सभेला पगारी हज्जान ठेवणे शक्य नाही, त्यामुळे बालपणापासून कानांवर पडलेल्या चालींच्या आधाराने कित्येक वर्षे मीच शब्बाथची, म्हणजे साप्ताहिक विश्रामदिवसाची, प्रार्थना चालवत आलो. आपल्या हातून चुका होतात याची जाणीव मला होती, परंतु त्या नेमक्या कोणत्या, हे सांगणारे जवळपास कोणी नव्हते. म्हणून हज्जानांना दूरस्थ पद्धतीने शिकवणाऱ्या एका संस्थेच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला मी प्रवेश घेतला आणि तो नुकताच पूर्ण केला. या शिक्षणाने माझा कान घडवला, वाचन शुद्ध केले, आणि त्यासाठी मी शिक्षकांचा मनापासून ऋणी आहे. मात्र सभेपुढे उभे राहण्याचे जे शिक्षण हज्जानाला सर्वांत जास्त लागते, ते येथे फार उशिरा आणि फार थोडे मिळते.

आठवड्याला दोन थेट तासिका, त्यांच्या जोडीला ध्वनिमुद्रित पाठ, आणि दर आठवड्याला स्वतःचे गायन ध्वनिमुद्रित करून शिक्षकाकडे पाठवणे, असा क्रम होता. आमच्या वर्गात सात जण होतो. प्रवेशापूर्वी आवाजाची चाचणी झाली, पण तिच्यापेक्षा हिब्रू वाचनाची चाचणी अधिक कडक होती, आणि ते का, हे पुढे पहिल्या महिन्यातच समजले.

गाणी शिकायला मिळतील या अपेक्षेने आलेल्यांची पहिले तीन महिने निराशा होते, कारण त्या काळात एकही गाणे शिकवले जात नाही. शिकवले जातात ते तआमीम, म्हणजे बायबलच्या हिब्रू संहितेत शब्दांच्या वर आणि खाली दिलेली पठणचिन्हे. ही चिन्हे एकाच वेळी तीन कामे करतात : आघात कोठे द्यायचा ते दाखवतात, कोणता शब्द पुढच्या शब्दाला जोडायचा आणि कोठे थांबायचे ते ठरवतात, आणि त्या शब्दाचे स्वरवाक्य सांगतात. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या वाक्यात सातच शब्द आहेत. त्यांतील तिसऱ्या शब्दाखाली एत्नाख्ता हे मोठ्या विरामाचे चिन्ह आहे आणि तेथे वाक्याचे दोन भाग पडतात. आमच्या शिक्षकांनी हे एक वाक्य आमच्याकडून पूर्ण एक आठवडा म्हणून घेतले. आधी शब्द बाजूला ठेवून केवळ चिन्हांची नावे त्यांच्या स्वरांत गायची, म्हणजे तिप्खा, मुनाख, एत्नाख्ता, आणि ती तोंडात बसली की मग त्या जागी शब्द घालायचे. तबल्याचे बोल आधी मुखाने म्हणून मग हातात आणण्याची रीत ज्यांना माहीत आहे त्यांना ही पद्धत लगेच पटेल. ती धीमी आहे, पण सहा महिन्यांनी कोणतेही अपरिचित वाक्य समोर आले तरी मी ते चिन्हांवरून गाऊ लागलो.

खरी कसोटी त्यानंतरची आहे. सभेत ज्या चर्मपत्राच्या गुंडाळीतून तोरा, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तके, वाचली जाते, तिच्यात ना स्वरचिन्हे असतात ना पठणचिन्हे. केवळ व्यंजने असतात. वाचणाऱ्याने बाकी सर्व काही स्मरणातून आणायचे असते. त्यासाठी तिक्कून नावाचे दोन स्तंभांचे पुस्तक वापरतात, ज्यात एका बाजूला चिन्हांसह मजकूर असतो आणि दुसऱ्या बाजूला तोच मजकूर गुंडाळीत दिसतो तसा उघडा. संस्थेने तयार केलेले सराव-पाठ याच पद्धतीचे असून त्यांतील ध्वनिमुद्रणे स्वच्छ, संथ आणि वाक्यागणिक तोडलेली आहेत. संपूर्ण अभ्यासक्रमात मला सर्वांत उपयुक्त वाटलेले साहित्य हेच.

दुरुस्त्यांचा दर्जाही तितकाच उंच आहे. राहेल मेंढरे घेऊन येते त्या प्रसंगाचे वाचन मी पाठवले होते. उत्पत्तीच्या एकोणतिसाव्या अध्यायात सहाव्या आणि नवव्या वाक्यात ‘बाआ’ हा एकच शब्द येतो. आघात शेवटच्या अवयवावर असला तर ‘येत आहे’ आणि पहिल्या अवयवावर असला तर ‘आली’, असा त्याचा अर्थ बदलतो. मी दोन्ही ठिकाणी सारखाच उच्चार केला होता. शिक्षकांनी केवळ चूक दाखवली नाही, तर राशी या मध्ययुगीन भाष्यकाराने याच शब्दावर केलेली टीप वाचून दाखवली आणि अर्थ बदलणारी चूक झाली की सभेत बाजूला उभा असलेला माणूस वाचकाला थांबवून तो शब्द पुन्हा का म्हणायला लावतो, हे समजावले. कित्येक वर्षे मला कोणी थांबवले नव्हते, याचे त्या दिवशी मला फार वाईट वाटले. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातील यहुद्यांच्या, परंपरेत तोरा, नबींचे उतारे, विलापगीत, एस्तेरचा ग्रंथ, तीन सणांच्या तीन पोथ्या आणि नववर्ष व प्रायश्चित्तदिनाचे तोरावाचन, अशा सहा निरनिराळ्या स्वरपद्धती आहेत. चिन्हे तीच, पण चाल वेगळी. या सहाही पद्धती पहिल्या वर्षाअखेर तपासून घेतल्या जातात आणि त्यात सूट मिळत नाही.

दुसरे वर्ष नुसाखचे. या विषयासाठीच हा अभ्यासक्रम करावा असे मी म्हणेन. नुसाख म्हणजे ठरावीक चाल नव्हे. दिवसाची वेळ, आठवड्याचा वार आणि वर्षातील सण यांनुसार प्रार्थनेचा स्वरसमूह, त्यातील आरंभाची, विरामाची आणि समाप्तीची स्वरवाक्ये ठरलेली असतात; त्यांच्या मर्यादेत हज्जान प्रत्येक वेळी मजकूर नव्याने गातो. रागसंगीताशी ओळख असलेल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. अहावा राब्बा या स्वरसमूहात रिषभ, धैवत आणि निषाद कोमल आणि गंधार शुद्ध असतो, म्हणजे बसंतमुखारीचेच स्वर. मागेन आवोत हा आसावरी थाटाच्या जवळ जातो. अदोनाय मालाख खमाज थाटासारखा चालतो, पण तार सप्तकात गेल्यावर त्याचा गंधार कोमल होतो. स्वर जुळले म्हणून चलन जुळत नाही, आणि माझ्या गळ्यातील रागाच्या सवयी काढून टाकायला शिक्षकांना बरेच कष्ट पडले. मींड घेऊ नका, शब्दाच्या आघातावर या, असे त्यांनी मला किती वेळा सांगितले असेल याची गणती नाही.

अर्धा कद्दीश ही लहानशी अरामी प्रार्थना शिकवण्याची त्यांची पद्धत विशेष सांगण्यासारखी आहे. शब्द तेच, परंतु साध्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथच्या सकाळी, पास्काच्या (वल्हांडण सणाच्या) पहिल्या दिवशी दवासाठी प्रार्थना करण्यापूर्वी आणि प्रायश्चित्तदिनाच्या अखेरच्या प्रार्थनेपूर्वी ती वेगवेगळ्या स्वरांत येते. शिक्षक केवळ पहिली ओळ गुणगुणत आणि आम्ही वर्षातला कोणता दिवस आणि कोणती वेळ ते ओळखायचे. त्यानंतर आधी कधीही न गायलेला प्रार्थनेचा परिच्छेद देऊन तो योग्य नुसाखमध्ये तेथल्या तेथे गायला सांगत. ऐकून पाठ केलेले आणि खरोखर समजलेले यांतला फरक या एका सरावात उघड होतो. काही चालींना मात्र हात लावायचा नाही. प्रायश्चित्तदिनाच्या पूर्वसंध्येला म्हटल्या जाणाऱ्या कोल निद्रेसारख्या जुन्या चालींबाबत जर्मनीतील माइन्झचे राब्बी (धर्मगुरू) याकोव मोएलिन (मृत्यू १४२७) यांनी स्थानिक चाली बदलू नयेत असा दंडक घातला होता, आणि आमच्या वर्गातही त्या स्वरान्‌स्वर तशाच म्हणून घेतल्या गेल्या.

संगीताच्या इतिहासाचे तास चांगले, पण धावते होते. व्हिएन्नाचे सालोमन झुल्त्सर आणि बर्लिनचे लुई लेवांडोव्स्की यांनी एकोणिसाव्या शतकात सिनेगॉगच्या, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळाच्या, संगीताला दिलेले वृंदगायनाचे वळण आणि गोथेनबर्गचे हज्जान अब्राहम बेअर यांनी १८७७ मध्ये संपूर्ण वर्षाच्या प्रार्थनांचे प्रसिद्ध केलेले स्वरांकन, इतके तरी नीट समजले. योसेले रोझेनब्लाट आणि गेर्शोन सिरोता या ख्यातनाम हज्जानांची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकवली गेली. ती अद्भुत आहेत यात शंका नाही. तरीही ती ऐकल्यानंतर वर्गातील दोन-तीन जण पुढचे महिनाभर हुंदके आणि लांबलचक ताना यांच्या नकलेत अडकले, आणि त्यांना वेळीच आवरायला हवे होते असे मला वाटते. शुल्हान आरूख या धर्मसंहितेत हज्जान नम्र असावा, लोकांना मान्य असावा आणि त्याचा आवाज गोड असावा असे म्हटले आहे. त्याच संहितेत आपला आवाज ऐकवण्यासाठी प्रार्थना लांबवणाऱ्याला दोषही दिला आहे. हा उतारा अभ्यासक्रमात आहे, परंतु तो शेवटच्या सत्रात येतो.

आता उणिवा. दृक्‌श्राव्य जोडणीवर आवाज पोहोचायला क्षणभर उशीर लागतो, त्यामुळे दोघांना एकत्र गाता येत नाही. हज्जानाचे निम्मे काम सभेबरोबर चालते : सभा ‘आमेन’ म्हणते, ओळी पुढे नेते, कधी चाल ओढते तर कधी घाई करते, आणि हज्जानाने तिला सावरून योग्य स्वरावर आणायचे असते. हे दोन वर्षांत आम्ही एकदाही अनुभवले नाही. एक जण गातो आणि इतर सहा जण आवाज बंद करून ऐकतात, हेच वर्गाचे रूप राहिले. अखेरच्या महिन्यात एका आठवड्याचे निवासी शिबिर झाले. तेथे प्रत्येकाला एकेक प्रार्थना चालवायला मिळाली, आणि जो विद्यार्थी ध्वनिमुद्रणांत सर्वांत निर्दोष होता तोच पहिल्या ‘आमेन’नंतर स्वर हरवून बसला. दोष त्याचा नव्हता. हिब्रूत हज्जानाला शलिआख त्सिबूर, म्हणजे सभेने पाठवलेला प्रतिनिधी म्हणतात, आणि सभा नसताना त्या प्रतिनिधीला घडवता येत नाही. जुन्या काळी पूर्व युरोपात मुलगा हज्जानाच्या घरी राहून, त्याच्या गायकवृंदात उभा राहून ही विद्या शिकत असे. त्यामुळे तो जे काही शिके ते सभेच्या श्वासासह शिके.

अंत्यविधीच्या प्रार्थनेचेही तसेच झाले. ‘एल माले राखामीम’ आम्हाला स्वररचना म्हणून उत्तम शिकवली गेली, पण शोकाकुल कुटुंबापाशी आधी काय बोलायचे, मृताचे हिब्रू नाव कसे विचारायचे, गळा दाटून आल्यास काय करायचे, यासाठी अवघी एक तासिका होती. उच्चारांतही एकवाक्यता नव्हती : ध्वनिमुद्रणांत अश्केनाझी ‘शाब्बोस’ आणि थेट वर्गात इस्रायली ‘शाब्बात’, त्यामुळे नवख्यांचा गोंधळ झाला. सीरियन यहुद्यांमध्ये हज्जान त्या आठवड्याच्या तोरापाठानुसार मकाम, म्हणजे अरबी संगीतातील रागासारखा स्वरसमूह, निवडतो. या समृद्ध परंपरेला दोनच व्याख्याने मिळाली, आणि अभ्यासक्रमाच्या नावात ‘अश्केनाझी’ हा शब्द का नाही, असा प्रश्न मी लेखी विचारला.

पूर्ण वेळ हा व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांनी या प्रमाणपत्रावर विसंबू नये. युरोपातील केंद्रे नाझी काळात नष्ट झाल्यावर अमेरिकेत रीतसर विद्यालये उभी राहिली : हिब्रू युनियन कॉलेजने न्यूयॉर्कमध्ये १९४८ साली आणि ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीने १९५२ साली असे विद्यालय सुरू केले. हिब्रू युनियन कॉलेजचा दीक्षाक्रम पाच वर्षांचा राहिला आहे आणि त्यातील पहिले वर्ष दीर्घकाळ जेरुसलेममध्ये काढावे लागे. तेथूनच १९७५ मध्ये बार्बरा ऑस्टफेल्ड या रीतसर दीक्षा मिळालेल्या पहिल्या महिला कॅन्टर बाहेर पडल्या. आमच्या वर्गात तीन स्त्रिया होत्या, आणि पारंपरिक ऑर्थोडॉक्स सभा त्यांना हे काम देणार नाहीत, ही गोष्ट संस्थेने प्रवेशाच्या वेळीच स्पष्ट सांगितली होती. हा सरळपणा मला आवडला. प्रार्थना चालवण्यासाठी धर्मशास्त्राला दीक्षेची अट नाही, त्यामुळे लहान सभेच्या स्वयंसेवक हज्जानाला हे दोन वर्षांचे शिक्षण पुरेसे आहे. हिब्रू अक्षरओळखीपासून सुरुवात करणाऱ्याने मात्र आधी वर्षभर वाचन पक्के करावे, नाहीतर तआमीमच्या महिन्यांतच तो मागे पडेल.

शिबिर संपताना आम्ही सातही जणांनी मिळून एक सूचना दिली : तिसऱ्या महिन्यापासून प्रत्येक विद्यार्थ्याने जवळच्या एखाद्या सभेत महिन्यातून एकदा तरी प्रार्थनेचा लहान भाग चालवावा आणि त्या सभेतील जाणत्या व्यक्तीने त्यावर अभिप्राय पाठवावा. पुढच्या तुकडीच्या प्रवेशअर्जात आता अशा सभेच्या संमतिपत्राची अट घातलेली आहे. अर्ज करणाऱ्यांनी ते पत्र आधीच मिळवून ठेवावे.