सेस्टर्शियस घ्यावं की लांडगीचं छोटं नाणं?

रोमन ब्राँझमधलं एकच नाणं घ्यायचं म्हटलं की नजर आधी सेस्टर्शियसवर जाते, आणि ते साहजिकच आहे. पंचवीसेक ग्रॅमचं हे नाणं हातात घेतलं की सोडवत नाही. (धातू खरं तर पितळ, पण बाजारात सगळ्याला ब्राँझच म्हणतात.) सम्राट नीरोच्या नाण्यावर जानुस देवाच्या देवळाची बंद दारं आहेत, साम्राज्यात कुठेच युद्ध नाही, हे लोकांना सांगायची ती रीत. सम्राट व्हेस्पेशियनच्या इ.स. 71 सालच्या नाण्यावर खजुराच्या झाडाखाली शोक करत बसलेली ज्यूडिया, म्हणजे बाईच्या रूपातला ज्यूंचा जिंकलेला प्रांत, आहे. चित्राला एवढी ऐसपैस जागा छोट्या नाण्यावर मिळत नाही, हे मान्यच करायला हवं.

तरी मी घेतलं ते सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातलं, इ.स. 330 च्या सुमाराला निघालेलं छोटं नाणं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली रोमा, म्हणजे रोम शहराची देवी, दुसऱ्या बाजूला रोम वसवणाऱ्या दंतकथेतल्या जुळ्या भावांना, रोम्युलस आणि रीमसला पाजणारी लांडगी, वर दोन तारे.

माझं मन फिरलं ते सेस्टर्शियसवर नंतर केलेल्या कोरकामामुळे. ही नाणी वापरात खूप झिजली, शिवाय किंमत मोठी. म्हणून पुढे कुणीतरी अवजाराने केस, पानं, अक्षरं पुन्हा उठावदार करतं. मला आवडलेल्या व्हेस्पेशियनच्या एका नाण्याच्या वर्णनात 'हलकं गुळगुळीत केलेलं' एवढंच लिहिलं होतं. भिंगाखाली पाहिलं तर नाक, गाल सपाट झालेले आणि डोक्यावरच्या लॉरेलच्या मुकुटाचं पान न् पान धारदार! अक्षरांभोवतीची जागाही खरवडून खोल केलेली. रोमन कारागिराचं काम कुठलं आणि नंतरच्या माणसाचं कुठलं, हे मला सांगता येईना. ज्या नाण्याचं चित्रच वाचायचं, तिथे ही शंका मला तरी सोसवत नाही.

छोट्या नाण्यावर एवढी मेहनत सहसा कुणी घेत नाही, कारण ती परवडत नाही. बनावट नाणी त्यातही येतात, त्यामुळे कडेवर ओतकामाची शिवण दिसते का, ते बघावंच. पण माझ्या नाण्यावर लांडगीच्या मानेवरची आयाळ अजून शाबूत आहे. खालची अक्षरं वाचून ट्रिअरची टांकसाळ, सिस्कियाची की अँटिओकची, तेही कळतं.

मोठंच हवं असेल, तर झिजलेलं पण कुणी हात न लावलेलं सेस्टर्शियस बघा. फक्त फोटोवर भरवसा न ठेवता, भिंग लावून पाहायला मिळत असेल तरच घ्या.