एमिली डिकिन्सन अर्काइव्ह: काही महिने वापरल्यानंतर

आधी कामाचं सांगते. ही वेबसाइट फुकट आहे, २०१३ पासून सुरू आहे. हार्वर्ड, ॲमहर्स्ट कॉलेज, बॉस्टन पब्लिक लायब्ररी अशा ठिकाणी विखुरलेली, एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन हिची हस्तलिखितं इथे एकत्र बघता येतात. मोबाइलवर उघडायच्या भानगडीत पडू नका, तिचं अक्षर मोठ्या पडद्यावरही लवकर दाद देत नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे अधिकचं चिन्ह. कवितेतल्या एखाद्या शब्दाला बारीकशी फुली जोडलेली असते आणि पानाच्या तळाशी त्या जागी चालतील असे दुसरे शब्द. कधी दोन, कधी तीन. बरेचदा कुठलाच खोडलेला नसतो! छापील पुस्तकात संपादक त्यातला एक निवडून मोकळा होतो. कागद दुमडून, कडेला दोरा ओवून तिने अशा चाळीस वह्या शिवल्या होत्या. झूम केलं की काही पानांच्या कडेला सुईची भोकं दिसतात.

जुन्या आवृत्त्यांचे पाठही शेजारी लावता येतात, आणि तिथे डोकं फिरतं. तिच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १८९० साली, मेबल लूमिस टॉड आणि हिगिन्सन या संपादकांनी तिच्या कवितांचा पहिला संग्रह काढला. मृत्यूच्या गाडीत बसून जायची ती प्रसिद्ध कविता घ्या. तिला ‘द चॅरिअट’ असं शीर्षक परस्पर चिकटवलंय आणि एक अख्खं कडवं गायब. तरी टॉडबाईंनी ढिगाने कविता उतरवून काढल्या, ते श्रेय त्यांचंच.

आणि लोक रंगवतात ती, घराबाहेर न पडणारी ‘पांढऱ्या कपड्यातली गूढ बाई’? कागद बघताना ती फारशी भेटत नाही. भेटते ती भरल्या घरातली बाई. १८५६ च्या गावच्या प्रदर्शनात तिच्या पावाला दुसरं बक्षीस मिळालं होतं. १८७५ मध्ये आईला पक्षाघात झाला. पुढची सात वर्षं, आई जाईपर्यंत, एमिली आणि लव्हिनिया दोघी बहिणी तिचं करत होत्या. त्या काळातल्या ओळी फाडलेल्या पाकिटांवर आहेत, एक तर चॉकलेटच्या वेष्टनाच्या पाठीवर. असं घर सांभाळणारी बाई बाहेर पडत नाही याचं लोकांना एवढं नवल का वाटतं, कोण जाणे.

उणीव एकच, पण मोठी. भर कवितांवर आहे. तिची हजारएक पत्रं टिकली आहेत, आणि आयुष्य खरं तिथे कळतं. ती वेगळी मिळवावी लागतात. शिवाय कवितांवर तिने तारखा घातलेल्या नाहीत. दिसणारी सालं बहुतेक अक्षराच्या वळणावरून ठरवलेली आहेत, फार भरवसा ठेवू नका.

नवीन असाल तर १८७० नंतरच्या कागदांपासून सुरुवात करा. तोवर अक्षरं मोठी आणि सुटी झाली होती, बरीच लागतात. १८६० च्या आसपासचं तिरकं, जोडून लिहिलेलं अक्षर नंतर घ्या, शेजारी छापील पाठ उघडा ठेवून.