म्हातारी मांजर एकाएकी बसली: भरती करायची की घरीच सलाइन?

आमची पंधरा वर्षांची ठकू एका गुरुवारी संध्याकाळी पाण्याच्या वाटीसमोर जाऊन बसली आणि उठेचना. पाणी पीत नव्हती, नुसती वाटीवर तोंड धरून बसलेली. आदल्या दिवशी दोनदा उलटी झाली होती, ती आम्ही केसांच्या गोळ्याच्या खात्यात टाकून मोकळे झालो होतो. मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तंबूसारखी उभीच. (म्हाताऱ्या मांजराची कातडी तशीही सैल असते, म्हणून एवढ्यावरच विसंबू नये. हिरडीला बोट लावून बघावं. चिकट लागली तर अंगातलं पाणी कमी झालंय.) रक्त तपासलं, क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा कचरा, किडनी बिघडली की रक्तात वाढतो) ७.२. डॉक्टर म्हणाले, "किडनी. भरती करताय की घरी सलाइन द्यायला शिकवू?"

हाच प्रश्न पुढ्यात घेऊन कुणी बसलं असेल, तर त्यांच्यासाठी हे लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते: पहिले दोन-तीन दिवस दवाखान्याचे, नंतरचे घरचे. पण त्यात बरेच पण आहेत.

काही बाबतीत निवड नसतेच. तोंड उघडून धापा टाकणारी मांजर, पुन्हापुन्हा मुतायला बसूनही थेंब न पडणारा बोका, मागचे पाय एकदम लुळे आणि गार पडून किंचाळणारं मांजर, किंवा अंगाचं तापमान ९९ फॅरनहाइटच्या खाली गेलेलं मांजर. यांना उचलायचं आणि निघायचं. आणि वेदना कमी व्हावी म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका, अर्धीसुद्धा नाही. मांजराला ती विष आहे. आमच्या शेजारच्या काकूंनी प्रेमाने सुचवली होती, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता सलाइन. बाटली दोन्हीकडे बहुतेक तीच, आरएलची (रिंगर लॅक्टेट, म्हणजे क्षारांचं पाणी). फरक वाटेचा. दवाखान्यात पायात इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची बारीक नळी) लावून ते थेट शिरेत जातं, तासन्‌तास, थेंबांचा वेग ठरवून. पोटॅशियम उतरलं असेल तर त्यातूनच देता येतं, उलटीचं इंजेक्शनही तिथूनच. घरी ते दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली भरतात. चार किलोच्या मांजराला एका वेळी साधारण १०० मिली. पाठीवर छोट्या संत्र्याएवढा फुगा येतो, ओघळत पुढच्या पायाशी उतरतो आणि सहा-आठ तासांत जिरतो. पहिल्यांदा तो पाय सुजलेला बघून आईने डॉक्टरांना फोन लावला होता.

पण मांजर फारच सुकलेलं आणि गार असेल, तर कातडीपर्यंत रक्तच नीट पोचत नाही. मग फुगा तसाच राहतो, अंगात काही जात नाही, आणि आपल्याला वाटतं आपण उपचार करतोय. ठकूच्या बाबतीत पहिल्या रात्री हेच झालं असतं. म्हणून सुरुवातीचा खड्डा शिरेतून भरावा आणि नंतरची रोजची पातळी कातडीखालून राखावी, असं मला वाटतं.

दुसरं म्हणजे, घरी न्यायच्या आधी सोनोग्राफी करून घ्याच. किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीत खडा अडकला असेल, तर घरच्या सलाइनने तो सुटत नाही, उगाच दिवस जातात. लघवी तपासून त्यात जंतू निघाले तर औषधाची दिशा बदलते. आणि पहिल्या दिवसाच्या आकड्याने खचू नका. क्रिएटिनिन ५ च्या वर म्हणजे किडनीच्या आजाराची चौथी, शेवटची पायरी मानतात हे खरं, पण अंगातलं पाणी भरून काढल्याशिवाय पायरी ठरवायची नसते. आमचे डॉक्टर म्हणाले तेच खरं: "ताई, आकडा नका बघू, उतार बघा."

दवाखान्याची उणी बाजू पैशाची आहेच. रोजचं भाडं, रोजची सलाइन, एक दिवसाआड रक्त. पण मला ती दुसरीकडेच जास्त बोचली. पहिल्या ठिकाणी मी विचारलं, "रात्री इथे कोण असतं?" उत्तर आलं, "वॉचमन असतो ना." सलाइन चालू, मांजर पिंजऱ्यात, शेजारी दोन कुत्रे भुंकतायत, आणि वर वॉचमन! हा प्रश्न विचारायला लाजू नका. रात्री डॉक्टर नसेल, तर ती भरती म्हणजे महागडा पिंजरा आहे. मुंबईत सोय आहे: परळचं जुनं बैलघोडा हॉस्पिटल आहे, महालक्ष्मीला २०२४ साली टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं हॉस्पिटलही सुरू झालं. पण आम्ही डोंबिवलीचे. सुकलेल्या मांजराला घेऊन तेवढा प्रवास रोज करायचा, तर त्याचाही हिशोब धरावा लागतो.

शिवाय घाबरलेलं मांजर खात नाही. आणि मांजराने, त्यातून जाड मांजराने, दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर लिव्हरमध्ये चरबी साचायला लागते, किडनीच्या दुखण्यावर दुसरं दुखणं. इथे घर जिंकतं. ठकूने दवाखान्यात तीन तऱ्हांच्या पाकिटांकडे पाठ फिरवली आणि घरी येऊन आईच्या हातचं उकडलेल्या बोंबलाचं पाणी चाटलं. मळमळ चालू असताना सिरिंजने कोंबायला मात्र जाऊ नका. ते छातीत जाऊ शकतं आणि त्या अन्नावरचं मन कायमचं उडतं.

घरची उणी बाजू? हृदय. म्हाताऱ्या मांजराच्या छातीत आवाज येत असेल, तर जास्तीचं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं, आणि घरी ते बघायला आपणच. ती गाढ झोपलेली असताना श्वास मोजा, छाती एकदा वर-खाली म्हणजे एक. मिनिटाला ३० च्या वर सतत जात असेल तर सलाइन बंद, डॉक्टरांना फोन. रक्तदाबही मोजून घ्या. किडनीच्या मांजरांचा तो चढतो आणि एखाद्या सकाळी मांजर आंधळं झालेलं सापडतं.

आणि सुई कोण टोचणार, ते आधी ठरवा. आमच्याकडे आई जुन्या सुती साडीत तिला गुंडाळून मांडीवर धरते आणि मी टोचते. २० नंबरची सुई, दर वेळी नवी. बोथट सुई दुखते आणि पुढच्या वेळी मांजर पलंगाखाली जातं. बाटली खिडकीच्या गजाला टांगायची, बॉलपेनने खूण करून ठेवायची, खूण आली की चिमटा बंद. घरात डेक्स्ट्रोजची (साखरेच्या सलाइनची) बाटली पडली असेल तर ती कातडीखाली वापरू नका. एकटे राहत असाल किंवा मांजर चावरं असेल, तर आठवड्यातून दोनदा कंपाउंडरकडे नेणं शहाणपणाचं.

आम्ही शेवटी मधली वाट काढली. तीन दिवस सकाळी दवाखान्यात ड्रिप, संध्याकाळी घर, पायातली इंट्राकॅथ पट्टीत गुंडाळून तशीच. तिसऱ्या दिवशी क्रिएटिनिन ४.१. जवळ, रात्री डॉक्टर नसलेला पण दिवसा चांगला दवाखाना असेल, तर मला हीच वाट सर्वांत पटते.

इंजेक्शन देऊन कायमचं झोपवण्याचा पर्याय डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी काढला नाही, पण आपणहून विचारून ठेवावा. तीन दिवस शिरेतून सलाइन देऊनही आकडा उतरला नाही, लघवी होत नाही, उलटी थांबत नाही, तर घरी नेऊन रोज टोचत बसणं तिच्यासाठी नसतं, आपल्यासाठी असतं. ठकूचं अजून तिथवर आलेलं नाही. आज मंगळवार, सलाइनचा वार. बाटली कोमट पाण्याच्या बादलीत टाकून आलेय, आणि ती पलंगाखाली गेलीये.